पाहुण्यासारखी बस

१

शाळेची बस बंद झाली, तेव्हा भिंगरीच्या आईने आधी बसवाल्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. मग नवऱ्याला फोन लावला. तो जहाजावर होता, त्यामुळे लागला नाही. मग ती मागच्या दारी जाऊन, ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या त्याच्या मोटरसायकलकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

शाळा टेकडीच्या पलीकडे होती. टेकडीवरचा रस्ता अरुंद, आणि वळणं अशी, की एक संपलं म्हणेपर्यंत दुसरं तोंडावर यायचं. बस होती तोवर त्या वळणांशी भिंगरीच्या आईचा संबंध एवढाच होता, की पोरगी कधीमधी शाळेत पोहोचल्यावर ओकायची आणि गणवेश धुवावा लागायचा. आता तीच वळणं तिला स्वतः घ्यायची होती, आणि तीही पोरीला मागे बसवून.

"वहिनी, तुला सायकल तरी धड येते का?" नणंद दारात येऊन म्हणाली. नणंद त्यांच्याबरोबरच राहायची, घरी बसून शिवणकाम करायची, आणि सुईपेक्षा जिभेला धार जास्त.

"येत नाही म्हणून तर शिकणार आहे, ताई."

"मोडलंस काही तर भावाला मी तोंड दाखवणार नाही हो."

"गाडी मोडली तर का मी मोडले तर?"

"गाडी," नणंद म्हणाली. "तू काय, तू चिवट आहेस."

गावाबाहेर एका बंद वखारीच्या आवारात एकजण गाडी शिकवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. पन्नाशीचा, एक खांदा किंचित उतरलेला, बोलणं मोजकं आणि तेही खवचट. सिमेंटच्या फरशीवर त्याने नारिंगी शंकू मांडून ठेवले होते, आणि त्या शंकूंमधून नागमोडी जायचं, एकही न पाडता, एवढंच त्याचं शिक्षण. पहिल्या आठवड्यात तिने शंकूंना धडकण्यापलीकडे काहीच केलं नाही.

"बाई, त्या शंकूवर प्रेम जडलंय का तुमचं?"

"मी चुकवायलाच बघतेय हो त्याला!"

"तेच तर. बघताय त्याच्याकडेच. गाडी जनावरासारखी आहे, मालक बघेल तिकडे जाते. शंकूकडे बघू नका, चाकाकडे बघू नका. वळण जिथे संपतं तिथे बघा. हनुवटी वळवा. बाकीचं गाडी करते."

तिला हे काही केल्या पटेना. ज्याला धडकायची भीती, त्याच्याकडे बघायचंच नाही म्हणजे काय? ती बेकरीत कामाला होती, आणि तिथे पाळीभर हातातल्या वस्तूकडेच बघायची. कणकेचा गोळा तोडायचा, तळव्यावर तोलायचा, ठेवायचा. तिच्या हाताला वजन इतकं अचूक कळायचं, की काटा बिघडला तर बाकीच्या बायका गोळे घेऊन तिच्याकडे यायच्या. डोळ्यांसमोर आहे ते सोडून, अजून यायचं आहे त्याच्याकडे बघायचं, हे तिच्या स्वभावातच नव्हतं. तरी ती शिकली. एक दिवस चुकून तिची नजर आवाराच्या फाटकाकडे गेली, आणि गाडी शंकूंमधून सुरळीत जाऊन फाटकाशी उभी राहिली. आपण काय केलं ते तिलाच कळलं नाही.

२

एकटीला वळणं जमायला लागल्यावर तिने भिंगरीला बरोबर नेलं.

भिंगरी हे घरातलं नाव, आणि पोर त्या नावाला पुरेपूर जागणारी. कुठेही बसवा, तिचे पाय हलायचे. टाचा खुर्चीच्या पायावर आपटायच्या, टक-टक, मग जरा दम खाऊन, टक. दिवसभर तोच ठेका. नणंद म्हणायची, हिला शिलाई मशीनला जोडली तर वीज वाचेल. आईने दटावून "भिंगरे!" म्हटलं, की तेवढ्यापुरती टाच अधांतरी थांबायची. आईची पाठ वळली की पुन्हा सुरू. रस्त्याने चालताना ती आईचा हात धरायची नाही, फक्त करंगळी धरायची, कारण हात धरला तर उड्या मारता येत नाहीत. आणि सकाळी बससाठी घरातून निघाली, की तीन पावलं जाऊन मागे वळायची आणि खिडकीतल्या आईला जीभ दाखवायची. मगच पुढे.

अशी पोर मागे बसवून भिंगरीच्या आईने पहिलं वळण घेतलं, आणि वळणाच्या ऐन मध्यावर पोरीला भिंतीवर मांजर दिसलं. ती तिकडे वळली, तिचं वजन भलतीकडे गेलं, गाडी आडवी झाली. पोरीचा गुडघा खरचटला. आईने तिला आधी उचलून घेतलं. हेच टेकडीवर झालं असतं, दरीच्या बाजूला झालं असतं, तर?

उस्तादाने गाडी उचलली. "मागे माणूस बसलं की गाडी दुसरी होते, बाई. आधी पाहुण्याबरोबर शिका."

पाहुणा म्हणजे वाळूचं पोतं. शेडच्या बाहेर उन्हात वाळूचा ढीग वाळत पडलेला असायचा, कारण ओली वाळू वजनाला खोटी. उस्तादाने भिंगरीला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, आणि तेवढीच वाळू पोत्यात भरून तोंड शिवून टाकलं. मग म्हणाला, पोरीचा एखादा जुना कपडा आणा, पोत्याला घालू. कपड्याने पट्टे घसरत नाहीत, आणि आरशात रंग दिसला की शिकणाऱ्याला विसर पडत नाही की मागे कोणीतरी आहे. दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला आखूड झालेलं हिरवं जाकीट नेलं. पोत्याला ते अगदी मापात बसलं.

तिने पोतं उचलून सीटवर ठेवलं. वाळू उन्हाने कोमट होती, आणि वजन तिच्या हातांच्या ओळखीचं होतं. झोपलेल्या भिंगरीला उचलताना जेवढं लागायचं, तेवढंच. गाडीची मागची स्प्रिंग कुरकुरत खाली बसली.

पाहुण्याबरोबरची पहिली फेरी नीट झाली. पोतं हललं नाही, चुळबुळलं नाही, मांजर बघायला वळलं नाही. गाडी थांबवून ती शेडच्या पायरीवर बसलेल्या भिंगरीला म्हणाली,

"बघितलंस? असं बसायचं असतं मागे. पाहुण्यासारखी बसायला शीक जरा."

भिंगरीने टाचा आपटायच्या थांबवल्या आणि पोत्याकडे टक लावून बघितलं.

३

मग त्यांचा परिपाठच पडला. शाळेला सुट्टी होती आणि बेकरीची पाळी दुपारची, म्हणून सकाळी दोघी आवारात जायच्या. आई पाहुण्याला बांधून फेऱ्या मारायची. ती पाणी प्यायला उतरली, की पोतं सोडवून पायरीवर ठेवायचं, असा उस्तादाचा नियम, कारण उभ्या गाडीवर एका बाजूला वजन राहिलं की गाडी कलंडते. पोतं उचललं की मागची स्प्रिंग वर यायची आणि तिच्यातून हुश्श असा आवाज निघायचा. पायरीवर भिंगरी पोत्याला खेटून बसायची. त्याच्या जाकिटाची चेन वर-खाली करत त्याच्याशी गप्पा मारायची.

"काय बोलतेस गं त्याच्याशी?"

"शिकवते."

"काय?"

"वळायला. त्याला वळता येत नाही, आई. तो नुसता बसतो."

ही गोष्ट खरी होती. निर्जीव वजन वळणात साथ देत नाही, सगळा भार चालवणाऱ्यावर येतो. आवाराच्या कोपऱ्यात उस्तादाने दोन भिंतींमधून एक वळण आखलं होतं, टेकडीवरच्या शेवटच्या वळणाच्या मापाचं. तिथे तिची दरवेळी तारांबळ उडायची. ती आत झुकायची, पोतं सरळ राहायचं, गाडी बाहेर ओढली जायची. खांदे भरून यायचे.

आणि मग एका सकाळी ते वळण आपोआप झालं. ती झुकली, आणि पाठीमागून तेवढंच वजन तिच्याबरोबर आत आलं. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. तिला इतका आनंद झाला, की वळण संपल्यावर ती एकटीच हसली. हसता हसता मात्र ती थांबली. झुकलं कोण?

"पट्टा सैल राहिला असणार," उस्ताद म्हणाला. त्याने पट्टा खेचून बघितला. पट्टा करकचून आवळलेला होता. त्याने पुन्हा एक वेढा दिला आणि "जा" म्हणाला.

पुन्हा तेच झालं. डावीकडे ती गेली की ते डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. तिच्या क्षणभर आधीच, असंही तिला वाटलं, पण असं कसं होईल? तिने आरशात बघितलं. हिरवी बाही दिसली, त्यापलीकडे भिंत. शिवाय डाव्या पोटरीजवळ गाडीच्या पत्र्यावर काहीतरी आपटत होतं. पट्ट्याची कडी असेल. टक-टक. टक.

"वाळू आत सरकते हो," तीच उस्तादाला म्हणाली, त्याने काही विचारलं नसताना. "भरलेलं पोतं असलं तरी आत थोडी जागा राहतेच ना?"

"राहते," उस्ताद म्हणाला. पण तो पोत्याकडे बघत होता, आणि त्याने तोंडातली लवंग चावायची थांबवली होती.

४

घरी भिंगरी शहाणी झाली.

सुरुवातीला सगळ्यांना बरंच वाटलं. ती जेवताना पाटाएवढ्या जागेत मांडी घालून बसायची आणि ताट संपेपर्यंत हलायची नाही. बोलावलं की यायची, सांगितलं की झोपायची. नणंदेने तिच्या मापाचा फ्रॉक बेतला, तेव्हा पोर पुतळ्यासारखी उभी राहिली.

"वहिनी, काय पाजलंस हिला? मागच्या वेळी चार टाचण्या टोचल्या होत्या, आज एक नाही."

"मोठी होतेय," भिंगरीची आई म्हणाली. स्वतःच्याच आवाजात तिला खात्री ऐकू आली नाही.

त्या संध्याकाळी पोर बैठकीच्या खोलीत सोफ्यावर झोपून गेली. आई बेकरीतून आली, तिने तिला नेहमीसारखं उचललं आणि आतल्या खोलीकडे निघाली. वजन तेवढंच होतं. इथे तिचा हात चुकणं शक्य नव्हतं. पण झोपलेलं मूल उचललं की ते अंगावर सांडतं, मान खांद्यावर येते, पाय लोंबतात, सगळं वजन सगळीकडे असतं. ही तशी नव्हती. दोन पावलं टाकेपर्यंत तिचं सगळं वजन हळूहळू खाली सरकत गेलं आणि ढुंगणाशी येऊन साचलं. खांद्यावरचं डोकं हलकं झालं.

ती खोलीच्या मधोमध थांबली. मग तिने पोरीला जरा वर उचलून सारखं केलं. वजन पुन्हा जागेवर आलं आणि पुन्हा खाली उतरायला लागलं.

तिने तिला पलंगावर ठेवलं आणि बराच वेळ काठावर बसून राहिली. आपण दमलोय, हे तिने स्वतःला सांगून बघितलं. पाळीभर गोळे तोलून हात बधिर झालेत. पोरगी आजारी तर नाही? कपाळाला हात लावला. ताप नव्हता. कपाळ कोमट होतं. छातीवर कान ठेवला, तर आत ठोके होते, पण लांबून आल्यासारखे. मोजे काढताना त्यातून चमचाभर वाळू चादरीवर पडली.

आवारात वाळूचा ढीग आहे, पोर रोज सकाळी तिथे खेळते, वाळू नाही तर काय साखर पडणार? तिने वाळू झटकली, पंखा लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावत बसली.

सकाळी तिने विचारलं, "भिंगरे, तू हल्ली उड्या मारत नाहीस गं?"

"तूच म्हणालीस ना, पाहुण्यासारखी बस."

"अगं, गाडीवर. घरात नव्हे."

भिंगरीने यावर थोडा विचार केला. "मी त्याला वळायला शिकवलं," ती म्हणाली. "त्याने मला गप्प बसायला शिकवलं. मग आम्ही खेळतो."

"काय खेळता?"

"जागा बदलतो."

नणंद शिलाई मशीनवरून खो-खो हसली. आईसुद्धा हसली, पण पोरीच्या मोज्यांकडे बघत.

५

शेवटचा दिवस म्हणून उस्ताद तिला टेकडीच्या रस्त्यावर घेऊन गेला. तो त्याच्या गाडीवर मागे, ती पुढे, पाहुणा तिच्या पाठीशी. भिंगरीला आत्याजवळ ठेवलं होतं. तिने सगळी वळणं एका ओळीत घेतली. शेवटचं, सगळ्यांत अवघड, दरीकडे तोंड करून परत उलटं फिरणारं वळणही घेतलं, आणि एकदाही पाय टेकवला नाही. उस्तादाला खूश व्हायला हरकत नव्हती. पण आवारात आल्यावर त्याने शाबासकीऐवजी आधी पोत्याचे पट्टे तपासले.

"चुकलं का काही?"

"नाही. गाडी छान चालवता तुम्ही." तो जरा थांबला. "बाई, एक विचारू? तुम्ही त्याच्याशी बोलता का? चालवताना?"

"कुणाशी?"

"नाही, मागून मला वाटलं, तुम्ही काहीतरी म्हणालात आणि ते..." त्याने हात झटकला. "ऊन डोक्यात जातं. चला, पाहुण्याला निरोप द्या. पोती मोजकी आहेत माझ्याकडे, दुसरा विद्यार्थी येतोय. ज्याचा पाहुणा त्याने रिकामा करायचा."

तिने जाकीट काढून घेतलं आणि गाडीच्या पेटीत ठेवलं. पोतं ढिगाजवळ नेलं, शिवण उसवली आणि उपडं केलं. वाळू पडायला वेळ लागला. ती सरसर सांडली नाही, गठ्ठ्यागठ्ठ्याने आली, आणि गार होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं, फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, आणि ही वाळू माठाखालच्यासारखी गार. आत्ताच तर दोन तास उन्हात फिरवून आणली होती. मग ऊब गेली कुठे? तिला एकदम रडू आलं. कशाचं ते कळलं नाही, म्हणून तिने ते डोळ्यांत वाळू गेल्यावर ढकललं.

पैसे आधीच दिले होते. ती गाडीकडे आली आणि तिथेच थबकली. पोतं उचलताना हुश्श असा आवाज आला नव्हता. गाडी मागून खाली बसलेलीच होती. आणि मागच्या सवारीचे पाय ठेवायचे दांडे, जे पोत्याला कधीच लागले नाहीत, ते दोन्ही बाजूंनी उघडलेले होते.

"हे कोणी उघडले?"

उस्तादाने तळव्याने सीट दाबून बघितली. एकदा, पुन्हा एकदा. "स्प्रिंग बसली असेल," तो म्हणाला. "जुनी गाडी. दाखवून घ्या." तो दांडे मिटवायला खाली वाकला, त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. मग सरळ शेडमध्ये निघून गेला आणि बाहेर आला नाही.

ती एकटी घरी आली. वाटेत रिकाम्या सीटवर पट्टा नव्हता, कडी नव्हती. डाव्या पोटरीजवळ पत्र्यावर मात्र वाजत होतं. टक-टक. टक. कुठेतरी खिळा ढिला झालाय, असं ती मोठ्याने म्हणाली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस तिच्याकडे बघायला लागला, तेव्हा ती गप्प बसली.

घराच्या दारात भिंगरी उभी होती. सरळ. हात मांडीला चिकटवून.

६

सुट्टी संपून शाळा उघडली, त्या सकाळी भिंगरी हिरवं जाकीट घालून बाहेर आली.

"अगं, ते आखूड होतं ना तुला?"

"पेटीतून काढून मी खुंटीवर अडकवलं होतं, तेच घेतलं तिने," नणंद म्हणाली. "आणि आखूड कुठे? चांगलं बसतंय की."

बसत होतं खरं. अगदी मापात. पोर वाढायची सोडून आटली का? भिंगरीच्या आईने चेन वरपर्यंत ओढून दिली आणि तिचं तोंड निरखून बघितलं. नाक तेच, वरचा पडलेला दात तोच, भुवईवरची खूण तीच. आपलं पोर ओळखायला कुणी असं एकेक करून तपासतं का? तिला स्वतःची लाज वाटली, आणि शाळेला उशीरही होत होता. तिने पोरीला उचलून मागे बसवलं. आधीच बसलेली स्प्रिंग आणखी खाली गेली, इतकी, की मागचं चाक पत्र्याला घासेल की काय असं वाटलं.

"वहिनी, सावकाश गं," नणंद म्हणाली. यावेळी तिने थट्टा केली नाही.

टेकडी लागली. दोन हात कमरेभोवती आले. ते घट्ट होते आणि अजिबात हलत नव्हते, आवळलेल्या पट्ट्यासारखे. पहिलं वळण सुंदर झालं. दुसरं झालं. पोर हलली नाही, मांजर, कावळा, दरी, कशाकडेही वळली नाही. इतके दिवस जे मागितलं ते मिळालं होतं, आणि भिंगरीच्या आईचं मन काही केल्या हलकं होईना. ती वळणाच्या शेवटाकडे बघायची, गाडी तिकडे जायची, आणि पाठीशी वजन तिच्याबरोबर झुकायचं. पण झुकणारं एक होतं आणि बसणारं एक होतं. कमरेभोवतीचे हात सरळ राहत होते. झुकत होतं ते त्यांच्या मागे होतं.

असं नसतं. तिने स्वतःला बजावलं. सीट केवढी, त्यावर माणसं किती?

शेवटचं वळण आलं. दरी समोर उघडली. इथे मान पूर्ण वळवायची, जवळजवळ खांद्यावरून मागे, इतका रस्ता उलटा फिरतो. तिने हनुवटी वळवली, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे जाता जाता, डोळ्याच्या कोपऱ्यात, सीटच्या अगदी मागच्या टोकाला, एक छोटा पाय दिसला. अनवाणी. दांड्यावर न टेकता हवेत हलणारा. नजर तिथे थांबली असती तर गाडी दरीत गेली असती. तिने दात आवळून पुढे बघितलं. वळण पार पडलं. पत्र्यावर टाच वाजली, टक-टक, आणि मग, जरा दम खाऊन, टक.

तिच्या कमरेला मिठी मारून बसलेल्या पोरीच्या दोन्ही पायांत बूट होते. सकाळी नाड्या तिनेच बांधल्या होत्या.

७

शाळेच्या फाटकाशी तिने गाडी उभी केली.

"उतर," ती म्हणाली.

भिंगरी उतरली. स्प्रिंग वर आली, पण अर्धीच, आणि तिथेच राहिली.

फाटकावरच्या बाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "अरे वा! आज किती शहाण्यासारखी आली हो तुमची लेक. रोज या फाटकावर लोंबकळायची. काय जादू केलीत?"

पोर आत निघाली. एक पाऊल, दोन, तीन. आता वळ, आई मनात म्हणाली. वळ आणि जीभ दाखव, माझे बाई, मी हा सगळा खुळेपणा विसरून जाईन. पोर वळली नाही. ती सरळ अंगणात गेली आणि रांगेत उभी राहिली.

टक-टक, तिच्या पोटरीजवळ वाजलं. टक.

गाडी बंद होती. वारा नव्हता. तिला मागे बघायचं होतं, आणि रांगेवरून नजर काढायचीही हिंमत होत नव्हती. जिकडे बघाल तिकडे जाल. कुणीकडे बघायचं? समोर नऊ महिने पोटात वाढवलेलं तोंड होतं. मागे काय होतं? तिने मान न वळवता डावा हात सीटमागे नेला, तळवा वर करून, कणकेचा गोळा घ्यावा तसा. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तिची करंगळी कुणीतरी धरली. पूर्ण हात नाही, फक्त करंगळी. त्या बोटांना ऊब होती, आणि ती जराही स्वस्थ नव्हती.

सगळं एकदम कळलं आणि काहीच कळलं नाही. आनंद झाला, आणि त्याच श्वासात अशी भीती वाटली, की तोंडून आपोआप तेच आलं, जे रोज यायचं.

"भिंगरे?"

टाच थांबली. आईने नाव घेतलं की थांबायची तशीच, अर्ध्यात, अधांतरी.

"नाही गं," ती घाईघाईने पुटपुटली. "रागावले नाही. आपट तू. हवं तेवढं आपट, राणी, थांबू नकोस. स्वस्थ बसू नकोस."

पण पोरीने या वेळी त्या पहिल्या हाकेचंच ऐकलं होतं. करंगळीभोवतीची बोटं सैल झाली, एकेक करून सुटली. गाडीची मागची स्प्रिंग सावकाश वर आली, पार वर, आणि तिच्यातून हुश्श असा आवाज निघाला.

तिने मागे बघितलं. सीट रिकामी होती, दांडे उघडे होते. शाळेची घंटा झाली. अंगणात पोरं एकमेकांना ढकलत होती, वेण्या ओढत होती, बाई ओरडत होत्या. हिरवं जाकीट मात्र हललं नाही. सगळ्या रांगेत तेवढंच सरळ उभं होतं.